तर्कशास्त्र्याची गाडी

एकदा एका तर्कशास्त्र्याला गाडी घ्यायची होती. आयुष्यातली पहिली गाडी. तर्कशास्त्री म्हणजे जटा वाढवून वनात बसलेला कुणी ऋषी नव्हे. शहरातल्या एका महाविद्यालयात न्यायदर्शन शिकवणारा, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. तरुणपणी नदीकाठच्या एका पाठशाळेत गुरुजींच्या पायाशी बसून त्याने हे शास्त्र आत्मसात केले होते. समोरच्याचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी नीट मांडायचा आणि मग त्याचे खंडन करायचे, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वादसभेत त्याच्या वाटेला जायला भलेभले कचरत. आपण त्याला शिष्यच म्हणू, कारण या कथेत त्याला पुन्हा एकदा शिकावे लागले.

गाडी हवी होती ती आईसाठी. अंगणात पडल्यापासून तिचा उजवा गुडघा वाकत नसे. एसटीची पायरी तिच्यासाठी कायमची उंच झाली होती. घाटाखाली कोकणात तिची थोरली बहीण राहत असे, आक्का. ती अंथरुणाला खिळलेली. दोघी दर रविवारी फोनवर बोलत, आणि फोन ठेवताना आक्का न चुकता म्हणे, "एकदा येऊन जा गं. फोनवर हात हातात घेता येत नाही." गणपतीत शिष्याने आईला शब्द दिला, "आपली स्वतःची गाडी घेतो आणि पहिली फेरी मावशीकडे." लहान सेडान घ्यायची हेही तेव्हाच ठरले, कारण आईचा वॉकर डिकीत आडवा मावायला हवा होता. आईने त्याच आठवड्यात जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली, आक्कासाठी.

आता गाडी घेणे म्हणजे काही वेदान्त नव्हे. पण शिष्याने त्याचा वेदान्त केला. शहराबाहेरच्या हमरस्त्यावर तीन कंपन्यांची शोरूम शेजारी शेजारी होती. गाड्यांच्या नावांशी आपल्याला कर्तव्य नाही, रंगांनी ओळखू. पांढरीचे मायलेज चांगले, पण पत्रा पातळ. करडीचा पत्रा दणकट, पण डिकी आखूड. तांबडीची डिकी ऐसपैस, पण घाट चढताना इंजिन दमते असे एका व्हिडिओत कुणी सांगितले होते. दुसऱ्या व्हिडिओत नेमके त्याच्या उलट. शिष्याने प्रत्येकीचा पूर्वपक्ष मांडला आणि प्रत्येकीला हरवले. कोणत्या डिकीत किती लिटर सामान मावते हे त्याला तोंडपाठ झाले. आईचा वॉकर मात्र त्याने एकाही डिकीत ठेवून पाहिला नाही.

दिवाळी आली. गोधडी शिवून झाली, पिशवीत भरून दाराशी ठेवली गेली. आई म्हणाली, "घोडं कुठं अडलंय रे? मला त्यातलं काही कळत नाही, पण चार चाकं असली म्हणजे झालं की."

शिष्य हसला. "आई, चार चाकं सगळ्यांनाच असतात. म्हणून तर तुलना करायची."

शेजारच्या वहिनींनी सुचवले, भाड्याची गाडी करून एकदा जाऊन या. शिष्य म्हणाला, "आता आपली येतेच आहे, मग भाड्याची कशाला?" हा युक्तिवाद आईलाही पटला. बिनतोड युक्तिवादांचे हेच वाईट असते, ते सगळ्यांना पटतात. संक्रांत गेली. रविवारच्या फोनवर आक्काचा आवाज खोल खोल जाऊ लागला. होळीच्या सुमारास आईने पिशवीतून गोधडी काढून कपाटात ठेवली. थंडी संपली, आता पुढच्या थंडीत देऊ, एवढेच म्हणाली. त्यानंतर तिने गाडीचा विषय काढला नाही.

हे न विचारणे मात्र शिष्याला टोचले. तो गुरुजींकडे गेला. गुरुजी आता फार थकले होते, काठीशिवाय चार पावले चालणे कठीण झाले होते. शिष्याने तिन्ही गाड्यांचे गुणदोष त्यांच्यापुढे मांडले, आईच्या गुडघ्याचे आणि आक्काच्या आजाराचेही सांगितले, आणि म्हणाला, "गुरुजी, तिघी तुल्यबळ आहेत. तर्क इथं थांबतो. निर्णय तुम्हीच द्या."

गुरुजींनी डोळे मिटून ऐकले. मग उठले आणि म्हणाले, "चल, दाखव."

शिष्य त्यांना रिक्षाने हमरस्त्यावर घेऊन गेला. पहिल्या शोरूममधले पाटणकर नावाचे गृहस्थ शिष्याला चांगले ओळखत. त्याला बिनसाखरेचा चहा लागतो हेही त्यांना ठाऊक झाले होते. ते पांढऱ्या गाडीची माहितीपत्रके घेऊन लगबगीने पुढे आले. गुरुजींनी पत्रकांकडे पाहिलेही नाही. त्यांनी शिष्याला खुर्चीवर बसवले, उजवा पाय सरळ करायला सांगितला, आपली काठी त्या पायाला लावली आणि खांद्यावरचे उपरणे सोडून मांडीपासून घोट्यापर्यंत घट्ट गुंडाळले. पक्की गाठ मारली.

"गुरुजी, हे काय?" शिष्य ओशाळून म्हणाला. दोन गिऱ्हाइके वळून पाहत होती. त्यातला एक त्याचाच जुना विद्यार्थी निघाला, त्याने नमस्कारही केला.

"आता गाडीत बस," गुरुजी म्हणाले. "पुढं नाही. मागं."

गुरूची आज्ञा मोडायची सवय नव्हती. शिष्य पाय ओढत गाडीपाशी गेला, दार उघडले आणि वाकला. ताठ पाय आधी आत घातला, तर अंग बाहेर राहिले. अंग आधी घातले, तर पाय बाहेर राहिला. पाटणकरांनी धावत जाऊन पुढची सीट पुढे सरकवली. शिष्य पाठमोरा होऊन कसाबसा सीटवर टेकला, आणि टेकताना दाराच्या वरच्या कडेवर त्याचे डोके दाणकन आपटले. पाटणकरांना हसू आले, पण गुरुजींचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळले.

"आता दुसरी," गुरुजी म्हणाले. शिष्य गाठ सोडू लागला तसे त्यांनी हात आडवा केला. "राहू दे."

दुसरे शोरूम दूर नव्हते. पण काठी शिष्याच्या पायाला बांधलेली, त्यामुळे गुरुजींना आधाराला शिष्याचा खांदा धरावा लागला. एक ताठ पायाचा आणि एक बिनकाठीचा, असे ते दोघे भर उन्हात हमरस्त्याच्या कडेने चालले. ट्रकवाले हॉर्न देत होते. एवढासा रस्ता शिष्याला संपता संपेना. घर ते फाटक एवढे चालायला आईला किती वेळ लागतो आणि आपण फाटकाशी उभे राहून घड्याळ कसे पाहतो, हे त्याला त्या उन्हात आठवले आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

करड्या गाडीत तेच घडले. डोकेही तिथेच आपटले.

तांबड्या गाडीपाशी शिष्य दमून उभा राहिला. या वेळी गुरुजी पुढे झाले. दाराच्या वरच्या कडेवर त्यांनी आपला तळवा ठेवला. शिष्य पाठमोरा टेकला, त्याचे डोके त्या सुरकुतलेल्या तळव्याला लागले, पत्र्याला नाही. मग दाराला रेलून गुरुजी वाकले, त्याची टाच दोन्ही हातांनी उचलली आणि पाय अलगद आत घेतला. शिष्य सीटवर पाय लांब करून बसला. तिन्ही गाड्या त्याने महिनोन् महिने चालवून पाहिल्या होत्या, पण मागच्या सीटवर तो आज पहिल्यांदाच बसत होता. गुरूने आपल्या पायाला हात लावला या कल्पनेने त्याचे डोळे भरून आले.

"बोल," गुरुजी म्हणाले. "काय फरक दिसला?"

"फरक नाही, गुरुजी. तिन्हींत सारखंच आहे. एकट्याला बसता येत नाही. डोक्याशी कुणाचा तरी हात लागतो आणि पाय कुणी तरी उचलून घ्यावा लागतो."

गुरुजी पुढच्या सीटवर, दार उघडे ठेवून, बाहेर पाय सोडून बसले. त्यांनी सावकाश विचारले, "न्यायशास्त्रातले सोळा पदार्थ आठवतात? क्रमाने सांग."

"प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन, दृष्टांत..."

"पुरे. संशयानंतर काय येतं?"

"प्रयोजन."

"ते तू गाळलंस. संशयावरून थेट तर्कावर उडी घेतलीस. गाडी कोणती, हा तुझा संशय. गाडी कशाला, हे प्रयोजन. ते एकदा समोर ठेवलं असतंस तर अर्धा प्रश्न सुटला असता, आणि उरलेला अर्धा सोडून देण्याइतकाच होता. स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचं नुसतं खंडन करत राहणं, याला आपण काय म्हणतो?"

"वितंडा," शिष्य खाली मान घालून म्हणाला.

"माणसांशी वितंडा घातली तर माणसं उठून जातात. गाड्या बिचाऱ्या जागच्या हलत नाहीत, म्हणून तुझी इतके दिवस चालली. पण त्या तुझ्या मावशी, त्याही जागच्या हलत नाहीत असं तू धरून चाललास. हा तर्क कुठल्या प्रमाणावर केलास?"

गुरुजींनीच वाकून गाठ सोडली, काठी हातात घेतली आणि उपरणे झटकून खांद्यावर टाकले. शिष्याने तिथल्या माणसाला एवढेच विचारले की ही गाडी लवकरात लवकर कधी मिळेल. कुणी तरी बुकिंग रद्द केलेली एक तांबडी गाडी मागे उभी होती. नोंदणी होऊन आठवड्याच्या आत हातात येईल, असे तो म्हणाला. शिष्याने ती घेतली. घाटात इंजिन दमते की नाही, हा प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही.

गाडी यायच्या आदल्या सकाळी मावसभावाचा फोन आला. रात्री आक्काला झटका आला होता. जीव वाचला होता, पण वाचा गेली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी राहिली. आईने हळदकुंकू वाहिले, ओवाळले, चाकाखाली लिंबे ठेवली. शिष्याने वॉकर डिकीत ठेवला. तो आरामात मावला. मग त्याने दाराच्या वरच्या कडेवर तळवा धरला, आई पाठमोरी टेकली, आणि त्याने तिची टाच उचलून पाय आत घेतला. आई चकित होऊन म्हणाली, "हे रे कुठं शिकलास?" तिने कपाटातली गोधडी मांडीवर घेतली होती. थंडी नव्हती, तरी घेतली होती.

घाटाखाली, माडांच्या सावलीतल्या घरात, दोघी बहिणी एकमेकींचा हात हातात घेऊन बसल्या. आईने गोधडी आक्काच्या पायांवर पसरली. आक्काची बोटे तिच्यावरून फिरत फिरत एका हिरव्या तुकड्याशी थांबली. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. आई म्हणाली, "हो, तुझंच ते. माझ्या लग्नात नेसलेलीस." मग संध्याकाळपर्यंत आई एकटीच बोलत राहिली, स्वतःचेही आणि आक्काचेही. शिष्य ओटीवर बसून ऐकत होता. किती तरी प्रश्न आई विचारत होती, ज्यांची उत्तरे फक्त आक्कालाच ठाऊक होती.

परतताना घाट लागला. गाडी दमली नाही. मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली आई म्हणाली, "छान आहे हो गाडी. पाय जरासुद्धा अवघडला नाही."

दोन वळणे गेली.

"दिवाळीत आक्का फोनवर किती बोलत होती, नाही रे?"

आईच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर तिचे खंडन करता आले असते. ज्याच्यापुढे भलेभले पूर्वपक्ष टिकले नाहीत, त्या तर्कशास्त्र्याने फक्त "हो" म्हटले, आणि पुढच्या वळणावर आईचा पाय हलू नये म्हणून गाडी सावकाश घेतली.