पाहुण्यांना उसना दिलेला गडी

यात्रेतील कबड्डीचा अंतिम सामना तोंडावर आला असता मंडळाचे अध्यक्ष दौलतराव यांनी सोपानसारखा बिनीचा चढाईपटू वगळला आणि आपला भाचा रणधीर याला संघात घेतले. जन्मभर एकही सामना न चुकवलेले भिकाजीतात्या भर मैदानात कडाडले, "अध्यक्षमहाराज, हा अन्याय आहे!"

"तात्या, तुम्ही आपल्या टाळ्या वाजवा. संघ निवडणे आमचे काम," दौलतराव मिशीवर ताव देत म्हणाले.

इतक्यात पाहुण्या संघाचा एक गडी पाय मुरगळून बसला. अशा वेळी यजमानांनी आपला गडी उसना द्यावा, ही त्या यात्रेची जुनी रीत होती. तात्या लगबगीने उठले.

"आपल्याकडे शिल्लक आहे तो सोपानच. त्यालाच पाठवतो पलीकडे."

दौलतराव ताडकन उभे राहिले. "अहो, वेड लागले काय? तो आपला अख्खा संघ घटकेत बाद करील! रणधीरला द्या!"

"मग आपल्याकडून कोण खेळणार?"

"सोपान! दुसरे कोण?"

"निवड आपलीच, अध्यक्षमहाराज. मी आपला टाळ्या वाजवतो," असे म्हणून तात्यांनी पहिली टाळी वाजवली, आणि सारे मैदान त्यांना सामील झाले.