भुंड्या माळावरची आंबील

बोरंब्यातल्या आजच्या म्हाताऱ्यांना विचाराल, तर ते सांगतील, आमच्या आज्यांनीसुद्धा गोजराबाईला पाहिलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. इतकी ही जुनी गोष्ट.

तेव्हा बोरंब्याला सडक नव्हती. पेठेच्या गावी जायचं तर भुंडा माळ तुडवावा लागे. माळ कसला, देवानं भाकरी थापावी आणि तव्यावरच विसरून जावी, तसा. झाड नाही, झुडूप नाही, पाण्याचा थेंब नाही. मधोमध एक काटेरी हिवर तेवढा उभा, आणि त्याची सावली इतकी विरळ की उंदीर बसला तर शेपूट उन्हात राहावं. चैत्र-वैशाखात दुपार झाली की माळावर मृगजळ उठे. पाणीच पाणी दिसे, लाटा दिसत, पलीकडची गावं पाण्यात उभी दिसत. त्या पाण्यामागं चालता चालता कितीतरी वाटसरू तहानेनं पडले, असं म्हणतात.

या बोरंब्यात गोजराबाई नांदत होती. तिचा नवरा सटवा. उंच, हसरा, पटका नेहमी डाव्या कानावर कललेला. एका वैशाखात तो बैल बघायला म्हणून पेठेच्या बाजाराला निघाला. "दिवस मावळायच्या आत येतो," म्हणाला आणि माळावर उतरला. दिवस मावळला, दुसरा उगवला, सटवा आला नाही. गावानं माळ पालथा घातला. ना माणूस सापडला, ना पटका. पेठेत विचारलं, तर तिथं तो पोचलाच नव्हता म्हणे. कुणी म्हणालं, मुंबईच्या गिरणीत गेला असेल. कुणी म्हणालं, पलटणीत भरती झाला असेल. कुणी नुसतं गोजराच्या कपाळाकडे पाहिलं.

गोजरानं कुंकू पुसलं नाही. "मेल्याचं कुणी डोळ्यानं बघितलंय का?" ती विचारी. बघितलं कुणीच नव्हतं. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, हे बायकांना कळेना. मग ती आपणहूनच जायची बंद झाली.

पण तिच्या मनानं एक घेतलं. सटवा कुठं का असेना, उन्हातान्हात त्याला तहान लागत असेल. आपण इथं कुणाला घोट पाजावा, तिकडं कुणीतरी त्याला पाजील. त्या दिवसापासून उन्हाळा लागला की ती आंबिलीचं मडकं डोक्यावर घेई आणि दुपारच्या आत हिवराखाली जाऊन बसे.

आंबील ती कशी करी, ते गावाला पाठ होतं. जोंधळ्याचं पीठ आंबट ताकात भिजवून रात्रभर ठेवायचं, सकाळी आधणात सोडून हाटायचं, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालायचा, आणि मडक्याला ओलं फडकं गुंडाळून निववायचं. सगळ्यांच्या घरी अशीच होई. पण गोजराच्या आंबिलीचा पहिला घोट घशाखाली उतरला की अंगावर काटा यावा आणि डोळ्यांपुढचं ऊन निवून जावं, असं म्हणतात. तिचं मडकं सासूच्या सासूचं. काळंभोर. ते ती कधी पूर्ण रिकामं करत नसे. तळाला घोटभर ठेवी, त्यावरच उद्याचं पीठ भिजवी. घराघरातून बायका मूठमूठ जोंधळा तिच्या पदरात घालत, आणि माळावरून येणारा प्रत्येक जण हिवराखाली थांबून मातीच्या परळातून आंबील पिऊन जाई.

आता पुढचं ऐका.

भर वैशाखात एकदा दुपारी एक माणूस हिवराखाली आला. ओठ फुटलेले, भुवयांवर धूळ. गोजरानं परळ भरून दिला. तो गटागटा प्याला, परळ खाली ठेवला आणि निघून गेला. गोजरानं पाहिलं, तर परळ भरलेला तसाच. तिनं बोट बुडवून चाखलं. आंबटपणा गेलेला, मीठ गेलेलं, लसणाचा वास गेलेला. जिभेला नुसतं भिजलेलं पीठ लागलं.

मग तिला आठवलं, त्या माणसाच्या अंगावर घामाचा एक थेंब नव्हता.

वैशाखात सूर्य असा टाळूवर येतो की सावली पायाखाली जाते. जित्यालाही सावली नाही अन् मेल्यालाही नाही. ओळखायचं तर घामावरून. त्यानंतर तसे बरेच आले. पुरुष आले, बायका आल्या, एकदा कडेवर पोर घेतलेली एक आली. एकदा पिऊन गेलेलं परत कधी आलं नाही. गोजरानं कुणाला नाव विचारलं नाही, भरल्या हातानं देत राहिली. पण लांबून कुणी येताना दिसलं की ती डोळ्यांवर हात धरून निरखी. पटका डावीकडे कललाय का? नाही. हुश्श करून ती परळ भरी. सटवा तिथं येत नाही, तोवर तो कुठंतरी जिवंत आहे, एवढं तिला पुरत होतं. दुपार कलली की मडकं उचलून ती घरी येई आणि शेजारच्या पारूला सांगे, "आजबी न्हाई आले गं." पारूला वाटे, ही दुःखानं बोलते. ती आनंदानं बोलत असे.

अशी वर्षांमागून वर्षं गेली. गोजराचे केस पांढरे झाले. बोरंब्याला सडक आली, माळाला वळसा घालून. सडकेच्या तिकटीवर गजाबा नावाच्या परगावच्या माणसानं गोळी-सोड्याचं दुकान मांडलं. लाल, पिवळ्या, हिरव्या बाटल्या. अंगठ्यानं गोळी दाबली की फस्सकन आवाज, आणि पोरंटोरं नाचायला लागत. गजाबा माणूस वाईट नव्हता. त्यानं स्वतः एक बाटली गोजराच्या दारात आणून दिली.

"म्हातारे, चाखून तर बघ."

गोजरा प्याली आणि खो खो हसली. "नाकात मुंग्या गेल्या की रं! ग्वाड हाय पर."

"मग? तहान भागली का न्हाई?"

"मला तहान व्हती कुठं?" गोजरा म्हणाली.

हळूहळू लग्नात आंबिलीऐवजी लाल सरबत आलं. पाहुण्याला आंबील देणं म्हणजे गरिबी दाखवणं झालं. घराघरातली आंबिलीची मडकी उतरंडीत गेली, काही फुटली. गोजरा पदर पसरून दारात उभी राहिली की बायका म्हणत, "ह्या बारीला राहू दे, आक्का." पारूसुद्धा एकदा बोलून गेली, "आता त्या माळावर हाय तरी कोण प्यायला?"

"हायत," गोजरा म्हणाली. रानात पडलेली कणसं वेचून ती थोडं थोडं दळी आणि माळावर जाई.

एका वैशाखात तिला ताप भरला. अंथरुणावरून उठता येईना. मडकं चुलीपाशी तसंच राहिलं.

मग एका दुपारी गजाबाच्या दुकानापुढं एक माणूस येऊन उभा राहिला. भुवयांवर धूळ, ओठ फुटलेले. गजाबानं गोळी दाबून बाटली पुढं केली. माणूस प्याला. बाटली परत दिली ती काठोकाठ भरलेली. पण आत एक बुडबुडा नव्हता, आणि लाल रंग जाऊन गढूळ पाणी झालं होतं.

"ही नव्हं," माणूस म्हणाला आणि गावाकडं चालू लागला. त्याच्यामागं माळावरून आणखी येत होते.

भरदुपारी ते दारोदारी उभे राहिले. कडी वाजवली नाही, आरडाओरडा केला नाही. दारासमोर उभं राहून एवढंच म्हणत, "बाई, वाईच आंबील." लोकांनी दारं लावून घेतली. फटीतून पाणी दिलं, ताक दिलं, सरबत दिलं. "ही नव्हं," म्हणून ते पुढच्या दारी जात. ऊन कललं की दिसेनासे होत.

दुसऱ्या दिवसापासून गावातला आंबटपणा गेला. पारूनं विरजण लावलं, दही लागलं नाही. कैरी चावली, लाकूड चावल्यासारखं झालं. चिंच, लिंबू, ताक, कशालाच चव राहिली नाही. मग लोकांच्या तोंडाला पाणी सुटेना. घागरीच्या घागरी प्यायले तरी घसा कोरडाच. पोरं रडत, पण डोळ्यांतून पाणी येत नसे. आणि एका दुपारी गजाबानं सवयीनं कपाळावरून हात फिरवला, तर कपाळ ठणठणीत कोरडं. त्यानं बायकोकडं पाहिलं. तीही चुलीपुढं बसलेली, आणि तिच्या अंगावरही घाम नव्हता.

गजाबा तसाच धावत सुटला. गाव गोजराच्या दारात जमा झालं. प्रत्येकीच्या पदरात जोंधळा होता.

पारू तिच्या उशाशी बसली. "आक्का, त्ये कोण हायत?"

"तहानल्याली माणसं," गोजरा म्हणाली. "ती मागणार न्हाईत तर काय करतील?"

त्या सबंध गावात तेव्हा एकटी गोजराच घामानं भिजलेली होती. तिचा ताप नुकताच उतरला होता. ती भिंत धरून उठली. आंबवायला गावात कशाचाच आंबटपणा नव्हता. काळ्या मडक्याच्या तळाशी वाळलेली खपली तेवढी होती. तिनं ती कोमट पाण्यात सोडवली, बायकांनी दळून दिलेलं पीठ वर घातलं आणि झाकण ठेवलं. सकाळी झाकण काढलं, तर मधोमध एक बुडबुडा आला. मग दुसरा. बाया ओक्साबोक्शी रडल्या, कोरड्या डोळ्यांनीच.

आंबील शिजून निवली, तसं मडकं पारूनं उचललं. माळाच्या कडेला कोरडा ओढा आहे, तिथं गोजरानं ते आपल्या डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "तू हितंच थांब." पुढचं सगळं पारूनं ओढ्याच्या काठावरून पाहिलं. माळावर वाऱ्याला अडवणारं काही नाही, त्यामुळं बोलणंही जसंच्या तसं ऐकू आलं, असं म्हणतात.

मृगजळातून माणसं आली. गोजरा परळ भरत गेली, येणारे पिऊन जात गेले. कडेवर पोरं असलेल्या आल्या, काठी टेकत म्हातारे आले. सगळ्यात शेवटी एक तरणा माणूस आला. पटका डाव्या कानावर कललेला.

गोजरानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आलात?"

"आलो."

"म्हंजी... कवाचं?"

"त्याच दुपारी, गोजरे. पानी दिसलं म्हणून वाट सोडली."

गोजरानं परळ खाली ठेवला. मग म्हणाली, "मी रोज हितं व्हते. येक डाव तरी यायचं."

"रोज बगत व्हतो तुला. त्या तितनं." त्यानं मृगजळाकडे हात केला. "पर तुज्या हातची पिली की जावं लागतं. म्हणून आलो न्हाई."

"इतकी वर्सं तहानल्यालं ऱ्हायलात?"

"व्हय."

"मग आज का आलात?"

"तू दमलीस," सटवा म्हणाला.

गोजरानं कपाळाला हात लावला. "हे आता पुसू का?"

"कुनासाठी लावलं व्हतंस?"

"तुमच्यासाठी."

"मग ऱ्हाऊ दे."

तिनं मडकं तिरकं केलं. जन्मात पहिल्यांदा तळाला काही ठेवलं नाही. अर्धा परळ त्याला दिला, अर्धा आपण प्याली. मग दोघं मृगजळाकडं चालू लागली. ते पाणी आधी त्यांच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, मग कमरेला. पारू हाका मारत धावली. हिवराखाली पोचली तेव्हा तिच्या डोळ्यांत घाम उतरून झोंबत होता, आणि समोर नुसतं मडकं होतं. भट्टीतून आजच निघाल्यासारखं लाल, कोरडं, आंबिलीचा वासही नसलेलं.

गावात आंबटपणा परत आला. विरजणं लागली, कैऱ्यांनी दात आंबले. पण गोजराची आंबील गेली ती गेलीच. पारूनं त्याच मडक्यात, त्याच मापानं पुष्कळदा करून पाहिली. चांगली व्हायची. तशी नाही व्हायची.

आजही वैशाखाच्या अमावास्येला बोरंब्यात चूल पेटायच्या आधी घरटी मूठभर जोंधळा गोळा होतो. त्या दिवशी गावात बाटलीतलं काही विकत नाहीत, विकणारेच दुकान बंद ठेवून आंबिलीला पाणी भरतात. बायका मडकं घेऊन हिवराखाली जातात. गोजराबाईला त्या गोजराई म्हणतात. आणि लांबलांबच्या गावांहून आणखी बायका येतात. कुणाचा नवरा ऊसतोडीला गेला तो फिरलाच नाही. कुणाचा मुलगा शहरात हरवला. कुणाचा भाऊ घरातून भांडून निघाला, त्याचा पत्ता नाही. प्रत्येकीच्या हातात भरलेला परळ असतो. दुपार कलेपर्यंत त्या मृगजळाकडं तोंड करून उभ्या राहतात, पापणी न लववता. ऊन उतरलं, की एकदम गलका होतो.

"आला न्हाई गं! माझा आला न्हाई!"

मग त्या एकमेकींना गुळाचा खडा भरवतात, परळातली आंबील पिऊन टाकतात आणि हसत घराकडं वळतात.

एखाद्या वर्षी एखादी मात्र हसत नाही. ती परळ पुढं धरून दोन पावलं मृगजळाकडं जाते. तेव्हा बाकीच्या साऱ्या बायका पाठ फिरवून उभ्या राहतात, आणि ती परत येऊन त्यांच्यात मिसळेपर्यंत कुणी मागं वळून बघत नाही.