मुरलेलं की कुजलेलं

"वास कसला येतोय, सिद्राम? सांग की."

उस्ताद दस्तगीर यांनी तंबाखूचं एक पान त्याच्या नाकासमोर धरलं होतं. सकाळची वेळ. रात्रभर दवानं नरम झालेली पानं हाताळायची हीच वेळ. ऊन चढलं की ती पापडासारखी मोडतात.

सिद्रामनं डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला.

काहीच नाही.

भिंतीला नाक लावावं तसं… काहीच नाही.

आज एकविसावा दिवस. ताप उतरला, आणि जाताजाता वासही घेऊन गेला. भाकरीला वास नाही, शेणाला वास नाही, चुलीतल्या धुराला नाही. हे त्यानं कुणा जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? चिरूट वळणारे हात गावात पुष्कळ होते. पण डोळ्यांना फडकं बांधून, नुसत्या वासावर पान कुठल्या शेतातलं ते सांगणारा गडी एकच, सिद्राम. आणि गप्प बसेल तर शपथ! चार माणसं जमली की नाकानं कांदे सोलायचा.

उस्तादांची बायको हुसेनबी. तंबाखूच्या धुळीनं तिला शिंका यायच्या, म्हणून ती पानखोलीत कधी पाऊल टाकत नसे. पण रोज सकाळी आतून हाक मारून नवऱ्याला विचारायची, "आलं का हो तुमचं नाक?"

तुमचं नाक म्हणजे सिद्राम. ते ऐकलं की तो चार बोटं फुगायचा.

आणि आता ते नाक मेलं होतं.

"गप का रे?"

"घेतोय, उस्ताद… नीट घेतोय."

वीस दिवस त्यानं निभावून नेलं होतं. घरातली पानं ओळखीची. कुठल्या फळीवरचा गठ्ठा, रंग कसा, शीर किती जाड, यावरून ठोकून द्यायचा. पण हा गठ्ठा कालच नदीपलीकडून ओल्या गोणपाटात बांधून आला होता. याची ना फळी ठाऊक, ना शेत.

उस्तादांनी पान दोन बोटांत चोळलं.

"हाताला नरम लागतंय. पण मुरलेलं आणि कुजलेलं, हाताला दोन्ही नरमच. तुला काय सांगायचं!"

खरंच, त्याला काय सांगायचं? पहिल्या दिवशी शिकलेला पहिला धडा तोच. पान मुरलं की नरम होतं, कुजलं तरी नरम होतं. निवाडा करायचा तो नाकानं.

मुरलेलं असेल तर ते उरुसाच्या चिरुटांच्या पोटात जाणार होतं. पहिला चिरूट पीरासमोर ठेवायचा, बाकीचे जमलेल्या म्हाताऱ्यांना वाटायचे, ही उस्तादांच्या घराण्याची रीत. आणि त्याच दिवशी उस्ताद आपली अर्धचंद्री सुरी सिद्रामच्या हाती देणार होते. तसा शब्दच दिला होता. ती सुरी मिळाली की गादी मिळाली.

आणि पकडला गेला तर?

सिद्रामला इराप्पा आठवला. इराप्पा त्याच्याच बरोबरीचा. एकदा वाळून कडकडीत झालेल्या पानांवर चोरून पाणी मारलं, आणि विचारल्यावर नाही म्हणाला. उस्ताद रागावले नाहीत, आवाजसुद्धा चढवला नाही. उठले, रस्त्याकडच्या उंबऱ्यापाशी गेले आणि इराप्पाच्या पायताणांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवली. झालं. त्या दिवसापासून गावात त्याला पानाची शीर काढायलासुद्धा कुणी बोलावत नाही.

"मुरलंय, उस्ताद."

"वास?"

"गुळासारखा… मागनं जरा चिंचेसारखा."

खोटं एकदा सुटलं की त्याला पाय फुटतात. चिंच कुठून आली ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

उस्तादांनी मान हलवली. पानाची शीर ओढून काढली. सुरीनं पान कापलं, दोन जुन्या पानांशी त्याचा मेळ घातला आणि फळीवर तळव्याखाली वळायला सुरुवात केली. वर एक सलग पान गुंडाळलं, कडेला खळीचं बोट फिरवलं. चिरूट तयार झाला.

मग ते काडेपेटी शोधू लागले.

आता हे ओढणार. पहिल्याच झुरक्याला सगळं बाहेर पडणार. सिद्रामची नजर आपोआप उंबऱ्याकडे गेली. त्याची पायताणं अजून आत तोंड करून होती.

तेवढ्यात हुसेनबी चहा घेऊन आली. आतल्या दारातच थबकली. पदर नाकाला लावला.

"अगं बाई गं! काय मेलंय का इथं? कसला कुबट वास हा!"



उस्तादांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सिद्रामनं ते पाहिलं आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. चोराच्या मनात चांदणं! म्हातारा सगळं ओळखून होता तर. म्हणूनच हा कुजका गठ्ठा आणवला. म्हणूनच आज इतक्या गोडीनं विचारलं.

त्यानं धाडकन उस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माझं नाक गेलंय, उस्ताद! ताप आला तेव्हाच गेलं. एकवीस दिवस मी अंदाजानं ठोकतोय. भ्यालो हो… लई भ्यालो. नाक गेलं तर माझ्यात राहिलं काय?"

उस्ताद चिरुटाकडे बघत राहिले.

"तुम्ही ओळखलं होतंत. मग बोलला का नाहीत?"

उस्ताद गप्पच…

ते गप्प राहणं सिद्रामला सोसेना. तो उठला. उंबऱ्यापाशी गेला, खाली बसला आणि आपल्याच हातांनी आपल्या पायताणांची तोंडं रस्त्याकडे केली. दुसऱ्यानं करण्यापेक्षा आपण केलेलं बरं, एवढंच त्याला सुचलं. डोळ्यांतलं पाणी मनगटावर पडलं.

मागे उस्तादांनी तो चिरूट उचलला होता. नाकाजवळ नेला. सावकाश, अगदी आतपर्यंत हुंगला. पुन्हा हुंगला. हुसेनबीला तर आतल्या दारातच ओकारी यायची बाकी होती, आणि उस्तादांची भुवईसुद्धा वाकडी झाली नाही.

मग त्यांनी मान वर केली.

"हुसेनबी… लईच कुबट येतोय का गं?"

सिद्रामचा हात पायताणावर तसाच राहिला.

"आता मला काय विचारता? तुमचं नाक बसलंय की पुढ्यात, गेलेलं का असेना. त्याला विचारा!"

तिनं चहाची भांडी खाली ठेवली, दोन शिंका दिल्या आणि ती आत निघून गेली.

तुमचं नाक.

दहा वर्षं हे शब्द तो ऐकत आला होता. दहा वर्षं फुगत आला होता. आज पहिल्यांदा त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"उस्ताद… तुम्हालाही…?"

"बारा वर्षं झाली."

"मी आलो त्याच्याही आधी?"

"तू आलास म्हणून तर हे घर चाललं."

उस्तादांनी चिरूट मधोमध मोडला आणि राखेच्या घमेल्यात टाकला. मग वर माळ्याकडे बघितलं. एकवीस दिवसांत वळलेले उरुसाचे चिरूट तिथं पेटीत होते. सिद्रामनंही तिकडे पाहिलं. त्यातले किती चांगले, किती कुजके, हे आता या खोलीतल्या दोघांपैकी कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"पीरासमोर काय ठेवायचं, उस्ताद?"

"पेटी काढ खाली. सगळे उकलू. हुसेनबीला आतल्या दारात बसवू. शिंकंल, शिव्या देईल… पण खरं सांगेल."

सिद्राम हलला नाही.

"मग उस्ताद… दहा वर्षं रोज सकाळी पान नाकाला लावून माझी परीक्षा घेत होतात, ती?"

उस्ताद गुडघ्यांवर हात टेकून उठले. उंबऱ्यापाशी आले. सिद्राम दचकून मागे सरला. म्हातारा वाकला, आणि शिष्याची ती पायताणं हातांनी उचलून त्यानं पुन्हा घराकडे तोंड करून ठेवली.

"परीक्षा कुठली रे, लेकरा… मी विचारत होतो."