चांगुणाने होडीचं तेल बदललं

नवरा गेल्यावर चांगुणा मेहेर खाडीवरची प्रवासी होडी एकटीच चालवू लागली. दिवसभर माणसांना या काठावरून त्या काठावर सोडायची, पण तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणाला सवड नसे.

होडी सोसायटीच्या अध्यक्षांना ते काम आपल्या भाच्याला द्यायचं होतं. एके सकाळी धक्क्यावर चारचौघांत ते म्हणाले, "बाई, इंजिनाचं जुनं तेल सोडायचं बूच पार बुडाशी. तिथवर तुझा हात पोचत नाही. आज सगळ्यांसमोर तेल बदलून दाखव, नाहीतर किल्ली दे."

चांगुणा होडीत उतरली. इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलं, तसं घट्ट तेल पातळ झालं. मग तेल मोजायची पट्टी उपसून तिने त्या भोकात बारीक नळी सोडली आणि हातपंपाने सगळं काळं तेल वरूनच डब्यात ओढून घेतलं. होडीत थेंबही सांडला नाही. मग वरूनच नवं तेल ओतलं.

"ही लबाडी झाली!" अध्यक्ष ओरडले. "तेल खालूनच काढायचं असतं!"

"साहेब, तुमच्याकडे पाणी काढायला विहिरीचं बूड फोडतात का?"

सगळा धक्का खो खो हसला. किल्ली तिच्याकडेच राहिली.

दुपारी रिकामी होडी परत आणताना आपलंच बोलणं आठवून तिला हसू फुटलं. सांगायला म्हणून तिने मागे वळून पाहिलं, तर फळीवर कुणीच नव्हतं. मग तेच वाक्य तिने मोठ्याने खाडीला ऐकवलं.