अनसाबाईची हळवी बाजरी

डोंगराच्या आडोशाला एक कोरडवाहू गाव होते. त्या गावात अनसाबाई नावाची एक शेतकरीण राहत होती. तिथे पाऊस उशिरा यायचा आणि लवकर पाठ फिरवायचा. बाजरी वाढायची, कणसेही धरायची. पण दाणा भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली असायची. हाती यायचा तो नुसता गुरांचा चारा.

एका वर्षी अनसाबाईला शेतात बाजरीची काही निराळी ताटे दिसली. बाकीची बाजरी फुलोऱ्यात होती, तेव्हा यांचा दाणा टणक झाला होता. कणसे मात्र लहान होती. तिने ती वेगळी खुडली आणि पुढच्या वर्षी ओढ्यापलीकडे, इतरांच्या बाजरीपासून लांब पेरली. त्यातूनही आधी पिकलेली आणि जरा भरदार कणसे तेवढी बियाण्याला ठेवली. असे ती वर्षानुवर्षे करत राहिली.

सून म्हणायची, "आत्याबाई, थोरली कणसं सोडून ही चिमुकली कशाला जपता?"

"थोरली पावसाची वाट बघत बसतात," अनसाबाई म्हणायची. "ही बसत नाहीत."

अखेर पाऊस जायच्या आधीच पिकणारे हळवे वाण तिच्या हाती आले. पेरणीच्या तोंडावर शेजारचा सोपान आला. "वहिनी, आम्हालाही थोडं बी द्या."

अनसाबाई घुटमळली. खपले मी, आणि पिकवायचे सगळ्यांनी? गावात कुणाकडे दाणा नसेल तेव्हा लोक आपल्याच दारी येतील, हेही तिच्या मनात आले. ती म्हणाली, "अजून वाण पक्कं झालं नाही, भाऊजी."

सोपान रिकाम्या हाताने परतला.

त्या वर्षी तिने सगळ्या रानात तीच बाजरी पेरली. कणसे दाण्यांनी भरली. भोवतालची शेते अजून हिरवी होती. सबंध शिवारात पिकलेले शेत एकच, आणि पाखरांना ते बरोबर कळले. थवेच्या थवे उतरले. अनसाबाई गोफण फिरवी, सून डबा बडवी. इकडून उठवलेली पाखरे तिकडे बसत. बघता बघता कणसांची भुसकटे झाली.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून गोफणीचा आवाज आला. न बोलावता सोपान येऊन उभा राहिला होता. तिघांनी मिळून एक कोपरा कसाबसा वाचवला.

अनसाबाई मान खाली घालून म्हणाली, "वाण तेव्हाच पक्कं झालं होतं, भाऊजी. मी खोटं बोलले."

"कणसं बघूनच कळलं होतं," सोपान म्हणाला.

पाऊस नेहमीसारखाच लवकर गेला. गावाची बाजरी वाळली. अनसाबाईच्या घरातही चूल जेमतेम पेटत होती. तरी त्या कोपऱ्यातला दाणा तिने जात्यात घातला नाही. पुढच्या पेरणीआधी ती घरोघर फिरली आणि प्रत्येकाच्या सुपात बियाणे ओतून आली.

त्या वर्षी सारे शिवार एकदमच पिकले. पाखरे आली. त्यांनी याच्या शेतात थोडे खाल्ले, त्याच्या शेतात थोडे खाल्ले. कुणाचेच शेत रिकामे झाले नाही. पाऊस गेला तेव्हा कणसे खळ्यावर पोहोचली होती.

तात्पर्य: चांगली गोष्ट एकट्यापुरती राखू गेले तर ती राखणेच कठीण होते, वाटली तर तीच सगळ्यांना पुरते.