पाठीवरची खूण

शुद्धलेखनात चुका राहिल्या असतील आणि शब्दही साधेच आहेत. वाचकांनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.

एकदा एका वृद्ध चित्रकाराच्या शिष्याकडे एका गावच्या खो-खो मंडळाचे चिन्ह काढायचे काम आले. शिष्याचा हात चांगला होता, पण स्वभाव भिडस्त.

त्या गावात वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा असे दोन संघ वेगळे खेळत आणि तालुक्याला पहिल्याच फेरीत हरून येत. यंदा त्यांनी मिळून एक मंडळ केले. नाव कसेबसे ठरले. चिन्हावर घोडे अडले.

वरच्या आळीला वाघ हवा होता, खालच्या आळीला गरुड. शिष्याने वाघ काढला. खालची आळी म्हणाली, "हे मांजर कुणाचं?" गरुड काढला, तर वरची आळी म्हणाली, "कोंबडी झकास आलीय!" शेवटी त्याने वाघालाच पंख लावले. दोन्ही आळ्या पोट धरून हसल्या आणि हसून झाल्यावर पुन्हा भांडू लागल्या.

वरच्या आळीचा कप्तान दिगंबर म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत स्पर्धेचा अर्ज भरायचाय. तोवर चिन्ह ठरलं नाही, तर आम्ही आमचा वेगळा भरणार."

"भरा की. अडवलंय कोणी?" खालच्या आळीचा कप्तान विश्राम म्हणाला.

शिष्य गुरूकडे आला. "अण्णा, माझ्यामुळे मंडळ मोडतंय."

"त्यांना खेळताना पाहिलंस का?"

"नाही. बैठकांना मात्र सगळ्या गेलो."

वृद्धाने वाडगाभर गेरू कालवला आणि शिष्याला घेऊन मैदान गाठले. तो खेळाडूंना म्हणाला, "सगळ्यांनी उजवा हात यात बुडवा आणि खेळा."

"अण्णा, बनियन आजच धुतलंय! आई घरात घेणार नाही," एक गडी कुरकुरला.

"माझं नाव सांग तिला."

दोन्ही आळ्यांच्या गड्यांचा मिळून खेळ सुरू झाला. खो-खोत आठ गडी एका रांगेत, आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो आणि बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात टेकवून "खो" म्हणतो. मागे कोण आहे हे न पाहता तो गडी उठून धावतो. पाव तासात सगळ्यांच्या पाठी लाल झाल्या.

वृद्धाने एका गड्याला उभे केले. "दिगंबर, याच्या पाठीवर वरच्या आळीचा हात कोणता, दाखव."

दिगंबरने वाकून पाहिले, विश्रामनेही पाहिले. कोणालाच सांगता येईना.

वृद्ध म्हणाला, "बाबांनो, मैदानावर तुम्ही एकमेकांना खो देता आणि बैठकीत एकमेकांना खो घालता. पाठीवर हात पडला की कोणी आळी विचारत नाही. तेवढ्या भरवशावर तुमचं मंडळ उभं आहे. वाघ, गरुड कोणाच्याही छातीवर शोभतात. ही पाठ मात्र फक्त तुमची." मग तो शिष्याकडे वळला. "तू सगळ्यांचं ऐकत राहिलास. चिन्ह मागून मिळत नाही, ते आधीच असतं. आपण ते पाहायचं आणि पाहिलं की ठामपणे सांगायचं."

"पण अण्णा, पंजा? लोक विचारतील, निवडणूक आली का?" कोणीतरी म्हणाले.

"विचारू देत. पहिली फेरी जिंका, मग नाही विचारणार."

सगळे हसले, कप्तान दोघे मात्र काही न ठरवताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य कोणालाही न विचारता रंग आणि एक कोरे बनियन घेऊन मैदानावर गेला.

"वाघाचं काय ठरलं?" दिगंबरने विचारले.

"दिगंबरदादा, हात पुढे करा," शिष्य म्हणाला. "विश्रामदादा, हे घाला आणि पाठ त्यांच्याकडे करा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग विश्रामने बनियन चढवले आणि तो वळला. दिगंबरने रंगलेला हात त्याच्या पाठीवर दाबला. शिष्याने तो ठसा कागदावर उतरवला, खाली दोन्ही कप्तानांच्या सह्या घेतल्या आणि एकच अर्ज घेऊन तो तालुक्याला निघाला.