राजाचं 'जा'

एका राज्यात हेमांगद नावाचा राजा होता. त्याच्या दारी एके दिवशी एक जोगीण आली. वाटीभर ताक प्यायली आणि उठताना रीतीप्रमाणे म्हणाली, "येते रे राजा." निघणाऱ्याला 'या' म्हणावं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण राजाचा जीव सोंगट्यांच्या डावात. मान वर न करता तो म्हणाला, "जा."

जोगीण उंबऱ्यावर थबकली. "जा म्हणालास? जाते. तुझ्या राज्यातलं हसूही नेते."

त्या घटकेपासून राज्यात कुणी हसेना. राजाची तान्ही लेक तर दूधही घेईना. सरदार जोगिणीला शोधायला निघाले आणि वेशीवरूनच परतले. म्हणे घोडी दमली. शेवटी निघाली रेवा सुईण. राजकन्येला पहिली आंघोळ तिनेच घातली होती. घरी तिची आंधळी सासू. "येते, आत्याबाई," रेवा म्हणाली. म्हातारी म्हणाली, "ये गं लवकर. मला भात कोण कालवून देणार?"

वाट दाखवायला एक बोलकी साळुंकी सोबत होती. पहिल्या मुक्कामी विहिरीपाशी अंगभर फोड आलेला म्हातारा भेटला. रेवाने त्याचे फोड धुतले. त्याने विचारलं, उद्या येशील? ती 'येते' म्हणाली आणि फोड सुकेपर्यंत रोज गेली. दुसऱ्या मुक्कामी एक राक्षसीण जटांच्या गुंत्यापायी रडत होती. तिची वेणी घालण्यात तीन दिवस गेले. साळुंकी कावली. म्हणाली, राजाचं काम टाकून तू गावभरच्या उठाठेवी करतेस. रेवाने सांगितलं, येते म्हटलं की यायचं असतं.

तिसऱ्या मुक्कामी जोगिणीची मढी. जोगिणीने पितळेची डबी पुढे ठेवली.

"यात हसू आहे, घेऊन जा. पण राजाचं 'जा' कुणाच्या तरी पदरात पडायला हवं. राजकन्येच्या की तुझ्या?"

"माझ्या."

"जिथलं 'ये' तुला सगळ्यांत प्रिय, तिथेच ते पडेल."

 रेवाने पदर पसरला.

महालात डबी उघडली आणि राजकन्या खुदकन हसली. नगारे वाजले. सरदारांना शेले मिळाले. राजा तेव्हापासून स्वतः दारात उभा राहून प्रत्येकाला 'या' म्हणू लागला. डबी कुणी आणली, हे मात्र त्याने विचारलं नाही.

रेवा घरी गेली. "आले, आत्याबाई."

"कोण गं तू? माझ्या रेवाचा आवाज असा नाही. जा बाई."

रेवाने सगळ्या खुणा सांगून पाहिल्या. म्हातारी एकच शब्द धरून बसली. मग रेवाने भात कालवला, ताट तिच्या हाताशी सरकवलं आणि शेजारणीला सांगून ठेवलं की दोन वेळा बघत जा. शेजारीण अजून बघते. दारातून रेवा म्हणाली, "येते."

आतून 'ये' आलं नाही.

चालत चालत ती विहिरीपाशी पोचली. फोडवाल्या म्हाताऱ्याजवळ आता आणखी चार आजारी येऊन बसले होते. पावलं ओळखून तो म्हणाला, "आलीस? ये."

रेवाने पोहरा उचलला, आणि तिला हसू आलं. राज्यात परतलेलं सगळ्यांत शेवटचं हसू ते.